मेंढ्या जगदेवीच्या नावावर गेल्या, त्याची हकीकत

दुबलगुंडी, शिमग्यानंतरचा सोमवार, २०१०

माझी धाकटी बहीण अनसाबाई, मुक्काम मन्नाएखेळ्ळी, हिला थोरल्या अक्काचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? पिराप्पांचा खोकला गेला का? (गेला नसंल तर बिडी पण गेली न्हाई, हे मला हितं बसून कळतंय.) आम्ही सगळे ठीक. मेंढ्या पण ठीक हायत, आता. मधी त्या माझ्या नव्हत्या.

झालं असं. माझा नातू रविकुमार, हैदराबादेत काम्प्युटरच्या कंपनीत हाय तो, सणाला आला. तुझं माझं नाव हाय त्या मेंढीपालक सोसायटीच्या ईरण्णा सेक्रेटरीनं त्याला धरलं. तिथल्या काम्प्युटरात मेंढी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करताना मधीच लाईट गेली की मेंढी कुणाचीच राहत न्हाई. रवीनं त्यावर प्रोसिजर लिहिली. (प्रोसिजर म्हणजे काम्प्युटरला एकदाच सांगून ठेवलेलं काम. सुनेला रोज नव्यानं सांगावं लागतं, तसं न्हाई.) हिच्या नावावरून काढ, तिच्या नावावर घाल, दोन्ही झालं तर पक्कं कर, बिघडलं तर होतं तसं ठेव. इथवर पोरगं शहाणं.

मग ती तपासायला त्यानं भोवतीनं टेस्ट लिहिली. टेस्टची रीत अशी की काम करून बघायचं आणि शेवटी सगळं मोडून पहिल्यासारखं करायचं. मोडायचंच हाय म्हणून ह्यानं खरीच माणसं घेतली आणि माझा कळप जगदेवीच्या नावावर केला. (जगदेवी, माझी धाकटी जाऊ. बाकीचं गाव जसं ओसच पडलं होतं.) पण आतली प्रोसिजर आपल्या आपण पक्कं करून मोकळी झाली. बाहेरची टेस्ट मोडायला गेली तर तिच्या हातात काय उरलंच न्हाई. काय तरी चुकलं म्हणून पडद्यावर लाल अक्षरं आली होती म्हणे. जेवून आल्यावर बघू म्हणून हा घरी आला आणि माझ्या हातच्या पोळ्या खाऊन घोरायला लागला. मला हे लगेच कळलं. रवीच्या बापासाठी आपण नुसती पोरगी बघायला गेलो होतो आणि तुझ्या पिराप्पांनी चहा पिता पिता तिला कुंकू लावून टाकलं. मग 'घरी जाऊन कळवतो' कुणाला सांगायचं? तीच आज माझी सून हाय.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत एडक्यांचं वाटप. नावावर जसा कळप तसे एडके. मी दोरी घेऊन गेले तर ईरण्णा म्हणतो, आज्जी, तुमच्या नावावर एक पण मेंढी न्हाई. आणि जगदेवी माझा एडका धरून उभी. म्हणते, "अक्का, मेंढ्या माझ्या, मग चारा तू कामून घालायलीस?" मी म्हणलं, "लेंड्या पण तुझ्याच, सकाळी झाडायला ये." तोंडानं म्हणलं खरं, पण घर लेकाचं, शेत लेकाचं, माझ्या नावावर दुसरं काय हाय ग?

रवीला कानाला धरून नेलं. त्यानं आधी मेंढ्या परत फिरवल्या, मग प्रोसिजर सुधारली. आता ती आधी बघते, बाहेर कुणी काम सुरू केलंय का. केलं असंल तर ही पक्कं पण करत न्हाई, सगळं मोडत पण न्हाई. आपल्यापुरतं आवरते आणि बिघडलं तर बाहेरच्याला सांगते. मुद्दाम मधीच बिघडवून पण तपासलं, ह्या बारीला खोट्या नावांवर, वेगळ्या काम्प्युटरात. "हे आधीच कामून न्हाई केलंस?" म्हणलं तर मान खाजवायला लागला. एडका आता माझ्या दारात खायलाय आणि येईल त्याला ढुशा द्यायलाय. मला पोटभर झोप लागली.

तुझी अक्का,
शकुबाई

ता. क. रवीनं जगदेवीच्या आधी तुझा कळप माझ्या नावावर करून बघितला होता. त्या माझ्या मेंढ्यांबरोबर जगदेवीच्या नावावर गेल्या आणि परत फिरल्या तेव्हा तुझ्या पण माझ्याच नावावर आल्या. रवीच्या ध्यानात न्हाई. मी पण बोलले न्हाई.

आणखी ता. क. म्हणून मला एडके दोन मिळाले. एका दारात दोघं डोकी फोडून घ्यायलेत, तर तुझ्या परड्यात एक खुंटा रोवून ठेव. तो एडका तुझाच समज, फक्त सोसायटीत तसं म्हणू नको.