तहान घरी ठेवून

आई, मला अजून दिसतं, तू ओट्यावर बसून अळूच्या जुड्या बांधते आहेस आणि मी चुलीतली राख भरते आहे. टोपलीत खाली वांगी, त्यावर वालपापडी, सगळ्यांत वर ओलं फडकं. शिरगावातून पालघरच्या बाजाराला जाणारा टेम्पो यायला अजून अवकाश आहे. मी तांब्या तोंडाला लावते आणि तू मान वर न करता म्हणतेस, "जादा पानी पिऊ नको. बाजारात कुठं बसशील? बाईनं तहान घरी ठेवून निघायचं." तू स्वतः नुसती चूळ भरायचीस. दुपारी परत आलीस की टोपली अंगणातच टाकून आधी आडोशाला जायचीस, मग उंबऱ्यातच उभी राहून तांब्या रिकामा करायचीस. बाजारात बायकांना जायला जागा नव्हती, त्यामुळे तुझं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. उलट सून घरात आली तेव्हा तुझं हेच वाक्य मी तिला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं.

ती बोईसरला औषधांची खोकी भरायच्या कामाला जाते. पॅकिंगला सगळ्या बायकाच आहेत. माझा मुलगा वापीला असतो, रविवारी येतो. तुझा जावई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी दुपारी मिळेल ते वाचते, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचते, आणि वाचून वाचून माझा संशयी स्वभाव वाढलाच आहे. आमच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात पिवळसर येतं. त्यात काय असेल ते असो, मी ते बघून तोंड वाकडं करते आणि मोठ्यानं बोलते.

सुनेला चौथा महिना लागला आणि मला घरात काहीतरी वेगळं दिसायला लागलं. ती दर थोड्या वेळानं मोरीत जायची आणि लगेच बाहेर यायची. मोरीत डेटॉलचा वास यायचा. कामावर नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली परत यायची. मी विचारलं की म्हणायची, काही नाही, उष्णता झाली आहे. मी धण्याचं पाणी करून दिलं, तेही अर्धं टाकलेलं सापडलं. मग एके दिवशी तांदळाच्या डब्यामागं गोळ्यांची पट्टी सापडली. दोन गोळ्या काढलेल्या, बाकी तशाच. पोटुशी बाई लपवून कसल्या गोळ्या घेते? माझ्या मनात जे आलं ते तुला सांगायलाही जड जातं. हिला हे मूल नको आहे, असं मी ठरवून टाकलं. मुलाला फोन लावायला घेतला होता, पण आधी तिच्याच तोंडून ऐकावं म्हणून थांबले.

ती कामावरून आल्यावर पट्टी तिच्यापुढं ठेवली आणि विचारलं, "कसल्या हायत ह्या?"

ती मग खाली बसली आणि सांगायला लागली. लघवी करताना आग होते, निखारा ठेवल्यासारखी. केलेली वाटत नाही, लगेच पुन्हा लागते. कुणाला सांगायचं म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या, दोन घेतल्या, मग पोराला काही होईल म्हणून सोडल्या. डेटॉल पाण्यात घालून धुत होती, त्यानं आग आणखीच वाढली. मी म्हटलं, मग पाणी का पीत नाहीस? तशी तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"तुमीच बोलता ना आई, हे पानी चांगलं नाय. मला वाटलं त्याच्यानंच आग होते. आणि प्यायले तरी जाऊ कुठं? संडासाची चावी सुपरवायझरच्या कमरेला. मागितली का सगळ्यांपुढं बोलतो, अभी तो गई थी."

मी तिला पालघरला बाईडॉक्टरकडं नेलं. तिथंही मी संशयानंच बसले होते. लघवी तपासायला लावली तेव्हा वाटलं, लॅबवाल्याशी हिचं काही ठरलेलं असेल. गोळ्या लिहिल्या तेव्हा मी विचारलंच, पोटातल्या पोराला चालतील का? डॉक्टरीण चिडली नाही. म्हणाली, ह्या चालतात, पण सगळ्याच चालत नाहीत, म्हणूनच मेडिकलवाल्याच्या नको होत्या. सगळ्या संपवायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, आणि नंतर पुन्हा तपासून घ्यायचं. बाईच्या अंगात लघवीची वाट आखूड असते, मागचे जंतू पटकन वर चढतात. म्हणून धुताना पुढून मागं धुवायचं, साध्या पाण्यानं, आत काहीही घालायचं नाही. लागली की दाबून ठेवायची नाही. नवरा घरी आला की नंतर उठून लघवीला जाऊन यायचं, हेही तिनं सांगितलं, तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. पाण्याचं मी काढलं तर म्हणाली, संशय असेल तर गाळा, उकळा, दुसरीकडून आणा, पण प्या. मग सुनेकडं वळून म्हणाली, "हे जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले तर थंडी वाजून ताप भरतो, कंबरेची बाजू धरते. मग आई आणि मूल दोघांनाही धोका."

आई, मी तिथंच तुला पाहिलं. दोन गोधड्या घातल्या तरी तुझे दात वाजत होते, आणि तू उजव्या बाजूला कंबरेवर हात दाबून निजली होतीस. बाजारात कुणाची तरी नजर लागली, असं सगळे म्हणाले. भगतानं लिंबू उतरवलं. ताप डोक्यात गेला म्हणून तू गेलीस, असं मला सांगितलं आणि इतकी वर्षं मीही तेच सांगत आले. आता मला तेही खरं वाटत नाही. तू खरंच कशानं गेलीस ते मला माहीत नाही, सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण नजरेवरचा माझा संशय उडाला आणि त्या रिकाम्या तांब्यावर येऊन बसला.

सुनेचा ताप टळला. बाटली आता रिकामी येते, तरी मी विचारतेच, प्यालीस की ओतलीस? ती हसते. पाणी आम्ही उकळून पितो, बोअरवर मी अजून विश्वास टाकलेला नाही. तुला लिहिलेला हा कागद मी त्याच तांदळाच्या डब्यामागं ठेवणार आहे. एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही, तुला सांगते. कुठं निघायचं असलं की माझाही हात त्या दवाखान्याच्या दिवसापर्यंत तांब्याकडे जात नव्हता.

दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन पेले पाणी प्याले आणि सुनेबरोबर रिक्षानं बोईसरला गेले. वाटभर तुझा धाक वाटत होता. कंपनीच्या दारात पोचेपर्यंत मला खरंच लागली होती. सुपरवायझर बाहेर आला तेव्हा सगळ्या बायकांपुढं मी त्याला म्हटलं, मला लघवीला जायचंय, चावी द्या. त्यानं कमरेची चावी काढून दिली. मी जाऊन आले, आणि चावी त्याला परत न देता बायकांच्या टेबलावर ठेवली.