साडूच्या ओट्याचं रेडिएशन

३ मार्च
साडूने शेजारचंच घर घेतलं, तेव्हाच मला पुढचं सगळं दिसलं होतं. आज त्याच्या ग्रॅनाइटच्या नव्या ओट्याचं कौतुक करायला सगळे जमले. माझ्यापुढे चहा ठेवत तो चारचौघांत म्हणाला, बिनधास्त ठेवा कप, हा ओटा तुमच्याकडच्यासारखा डगमगत नाही. सगळे हसले. बायकोही. तिचं हसणं जरा जास्तच लांबलं.
बदला घेणार. शांत डोक्याने.

४ मार्च
तळघरातल्या माझ्या खोलीच्या खिडक्या आजपासून कायमच्या बंद. त्याचं हसणं तिथवर येतं. आता इथेच बसून प्लॅनिंग.

७ मार्च
सापडलं! ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं. अगदी किंचित, असंही लिहिलंय. ती ओळ सोडून दिली. रेडिएशन मीटर मागवला. बायकोला सांगितलं, ब्लड प्रेशरचं मशीन.

१२ मार्च
मीटर आला. बागेत ०.११. म्हणजे काही नसतानाही एवढं. जमिनीतून, आकाशातून थोडं थोडं येतच असतं म्हणे.
बायकोने दंड पुढे केला. धरला मीटर. ०.११. नॉर्मल आहे म्हणालो. तिला फार बरं वाटलं.

१५ मार्च
साखर मागायला गेलो. मीटर रुमालाखाली. ओट्यावर ०.२१! जवळपास दुप्पट! आनंदाच्या भरात साखर तिथेच राहिली.

१९ मार्च
नातेवाइकांसमोर जाहीर केलं: ओटा घातक आहे, उखडा. मेहुणी रडवेली. साडूचा चेहरा पडला. इतकी सुंदर संध्याकाळ लग्नानंतर पहिलीच.
शेवटी साडू म्हणाला, लॅबमधून कुणाला तरी बोलावू, दोन्ही घरं तपासू. दोन्ही कशाला? पण जिंकलेल्या माणसाने मन मोठं ठेवावं. हो म्हणालो.

२२ मार्च
लॅबच्या बाई आल्या. ओटा मोजून म्हणाल्या, एवढ्याने काही होत नाही, विमानात याहून कितीतरी जास्त असतं. बाई फितूर आहेत.
जाताना माझ्या तळघरात एक डबी ठेवली. जमिनीतून रेडॉन नावाचा गॅस येतो, तो मोजायला. खुशाल मोजा.

३० मार्च
बाई डबीचा रिपोर्ट घेऊन आल्या. आधी विचारलं, खिडक्या कधीपासून बंद आहेत? मग विचारलं, इथे सिगारेट ओढता? ओढतो. विचार करताना. अलीकडे विचार फार चालू होता.
रेडॉन मर्यादेच्या पाचपट. त्यात सिगारेट, म्हणजे धोका आणखी वाढतो. फुप्फुसाचा कॅन्सर हे शब्द त्या इतक्या हळू बोलल्या, की बायकोचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. डबी बिघडली असेल, म्हणालो.

५ एप्रिल
जमिनीच्या भेगा बुजवायच्या, गॅस बाहेर टाकायला छतापर्यंत पाइप न्यायचा, त्याला पंखा. प्लंबर म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. साडू म्हणाला, तोवर थांबायचं नाही, आणि स्वतःच ड्रिल घेऊन आला. दिवसभर गुडघ्यांवर बसून भेगा बुजवल्या. जाताना माझी सिगारेटची पाकिटं न विचारता उचलून नेली. याचाही हिशोब होईल.

६ एप्रिल
साडू वर पाइप बसवत होता. शिडी धरायला मी. वर तो, खाली मी, आसपास कुणी नाही. अशी संधी पुन्हा यायची नाही.
दोन्ही हातांनी शिडी धरली. हात भरून आले, तरी सोडली नाही. बायको दारातून म्हणाली, किती जीव लावता हो भावजींना! गैरसमज दूर करणार होतो, पण त्यासाठी तिच्याकडे बघावं लागलं असतं, आणि डोळ्यांत सिमेंटची धूळ गेली होती.