छबूच्या मापाचा दोरा

बायनाक्का,

ऊसतोडीचा ट्रॅक्टर पहाटंच आला, तुमाला उठवलं न्हाई. महिला संस्थेला संक्रांतीसाठी जुन्या धर्तीची परकर-पोलकी पायजेत. मशीनला तेल घातलंय. नमुन्याला आत्याबाईंचं पोलकं काढलंय, ते उसवू नका. टँकर आला की आधी कापड भिजवा. कोरं कापलं तर मागून आटतंय. ते पाणी सांडू नका, भांड्यांना होतंय.

पहिलं परकर-पोलकं माझ्या लेकीचं, छबूचं शिवा. तिला सांगायचा धीर झाला न्हाई, झोपेतच माप घेतलं. न सांगता गेली म्हणाल, म्हणा. तिच्या उंचीचे दोन दोरे तोडले. एक मशीनवर हाय, एक मी नेलाय. संक्रांतीला पुन्हा मापा अन् वाढली असंल तेवढाच दोरा कुणाच्या हाती कारखान्यावर धाडा. मी माझ्या दोऱ्याला जोडीन.

गीता