सुतकातली मतपेटी

लिफू बेट,
मंगळवार, १४ डिसेंबर २०२१

प्रिय जेरेमी,

देव तुला आणि मुलांना सांभाळो. इथे आम्ही बरे आहोत. कोनफळाचे वेल काठ्यांवर चढलेत. आईने लावलेली ओळ सगळ्यांच्या पुढे आहे.

फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला भांडता येतं, बोलता येत नाही.

तुझा निरोप मिळाला. "दादा, घरी बसून काय मिळवलंत?" आपल्या बेटांनी फ्रान्सपासून सुटायचं की नाही, हे विचारणारं हे तिसरं आणि शेवटचं मतदान. मागच्या दोन्ही वेळी मीच मतपेटीशेजारी बसलो होतो. मग या वेळी काय झालं?

आई गेली, जेरेमी. राजधानीत, तुमच्या नुमेआतल्या इस्पितळात, करोनाच्या साथीत. बंद शवपेटीतूनच तिला माती दिली. बाईचा श्वास माहेरचा; तो माहेरच्यांच्या हाती परत द्यायचा असतो. त्यांना तिचा चेहराही दिसला नाही. घरोघरी हेच झालं. म्हणून आम्ही म्हटलं, थांबा, वर्षभराचं सुतक फिटू दे. पॅरिसने तारीख हलवली नाही.

रविवारी चर्च भरलेलं आणि शाळेतली मतपेटी रिकामी. बाहेरून आलेला अधिकारी कंटाळून शाळेच्या अंगणात आला. थोरले मामा तिथेच चटईवर बसले होते.

"आजोबा, 'हो' किंवा 'नाही', काहीतरी म्हणायला तरी या!"

"पोरा, तुझ्या आईची माती ओली असताना तू वाटणीला बसशील का रे?"

मामांनी त्याच्यापुढे शहाळं सरकवलं. "घे. पेटी उपाशी आहे, तू कशाला राहतोस?"

निकाल रेडिओवर ऐकला. 'नाही' जिंकलं म्हणे. जिंकू दे. रडत्या घराला विचारून मिळवलेलं उत्तर मी उत्तर मानत नाही. आज नाही, उद्याही नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. तिकडे नुमेआत आपल्या माजेनीने तुला रविवारी सकाळीच मतदानाच्या रांगेत पाहिलं. काय मत दिलंस ते मी विचारणार नाही. नोकरी सरकारी, राहतं घर सरकारी, हे मला कळतं. पण आईच्या सुतकात तू तिथे उभा होतास.

घरच्यांच्या बैठकीत दोघंतिघं म्हणाले, सुतक फिटेल तेव्हा त्याला बोलवू नका. मी उठून सांगितलं, "येईल. माझा भाऊ आहे." मामांनी चटईवर जरा सरकून एका माणसापुरती जागा केली.

मार्चमध्ये आईची ओळ काढू. त्यातलं सगळ्यात मोठं कोनफळ राखून ठेवतो. सप्टेंबरात सुतक फिटेल तेव्हा ते माहेरच्यांच्या हाती धाकट्याने द्यावं, असं तिनेच सांगून ठेवलं होतं. सुट्टी मिळो न मिळो, ये. दुसऱ्या कोणाच्या हातून मी ते देऊ देणार नाही.

सुतकात असलेला, पण न हरलेला,
तुझा दादा
इझाय