दारावरचं 'नाळे बा'

प्रिय आई,

काल ईराने, तुझ्या लाडक्या नातीने, मला बळेच सिनेमाला नेलं, म्हणून हे लिहायला बसले. सिनेमा भुताचा, आणि भूत कोण, तर तुझीच ती! लहानपणी आम्ही जेवायला कुरकुर केली की तू जिला आणायचीस. दाराबाहेरून आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, पहिल्या हाकेला ओ दिली की घेऊन जाते. दारावर खडूने कन्नडमध्ये 'नाळे बा', म्हणजे उद्या ये, असं लिहिलं की वाचून परत फिरते. रोज येते, रोज परत जाते.

थिएटरात पोरं किंचाळत होती आणि मी रडत होते. ईरा म्हणाली, "अम्मा, एवढं काय घाबरतेस, ग्राफिक्स आहे ते." तिला काय सांगू?

तू गेल्यापासून बाबांना तुझी हाक ऐकू येते गं. पिरियापट्टणच्या शाळेत शिकवून तू परत यायचीस ना, बरोब्बर त्या वेळेला. "आली बघ," म्हणतात आणि चपला घालून बसस्टँडकडे निघतात. मागे एकदा रिक्षाखाली येता येता वाचले. नंतर तर पिरियापट्टणच्या बसमध्येच चढून बसले. डॉक्टर नुसत्या गोळ्या बदलतात. मी बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जाते, आणि ते आतून दार बडवत राहतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पुरे झालं, मंजू. ऐकवत नाही आम्हाला." मला तरी कुठे ऐकवतं? पण करू काय, तूच सांग ना. नोकरी सोडू?

आणि तू तरी त्यांना एवढी सवय लावून का गेलीस? समोर ठेवलेला चहासुद्धा तू हाक मारल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

आज रविवार. दुपारी खडू घेतला आणि दाराला आतून, कडीच्या वर, मोठ्या अक्षरांत 'नाळे बा' लिहिलं. भुताला घालवायला लिहायचं ते, आणि मी कोणाला घालवत होते?

संध्याकाळी बाबा उठले, चपला घातल्या, कडीला हात लावला आणि थबकले. वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या बोलावलंयस होय तिला? मग आधी सांगायचंस की." चपला काढून खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझा तो निळा शर्ट इस्त्री करून ठेव. उद्या लागेल."

उद्याही ते हेच वाचतील. कुलूप लावायचं नाही असं ठरवलंय, ऑफिसात जीव टांगणीला लागेल तो लागेल. मी रोज त्यांना फसवणार आणि रोज तुला दारातून परत पाठवणार. मला दुसरं काही सुचत नाही, आई. रागावू नकोस.

एवढा शब्द देते. ज्या दिवशी बाबांच्या अंगात दारापर्यंत जायचंही बळ उरणार नाही, त्या दिवशी मीच ओल्या फडक्याने ते पुसेन आणि दार सताड उघडं ठेवीन. मग तू एकदाच हाक मार. ते ओ देतील.

तोवर उद्या ये.

निळ्या शर्टाला इस्त्री करून ठेवलेली,
तुझी मंजू