कढीलिंबाचं आळं

रविवार, १६ नोव्हेंबर. अड्यार.

सकाळभर पाऊस; इकडचा पावसाळा आत्ताच असतो. दुपारी सेल्वी आली, सुमनला बागेत मदत करायची ती. कढीलिंबाची पानं पिवळी पडून गळतायत, म्हणून मीच बोलावलं होतं. तिने मुळाशी बोट घालून वास घेतला.

"अय्यो सार, पावसाळ्यात आळं फोडायचं असतं! सुमन-अम्मा दर वर्षी फोडायच्या. तुम्ही उलट बांध घातलात. मुळं कुजली."

सुमन जाण्याआधी इस्पितळात एवढंच म्हणाली होती, "कढीलिंबाला जपा." मी आळं उंच केलं, रोज बादलीभर पाणी घातलं. पावसातही. जपतच होतो ना? कसं जपायचं, हे तिला का नाही विचारलं? नुसतं हो म्हणालो.

आळं फोडलं. सेल्वी "बघू" म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी दहीभात कालवला आणि फोडणी न घालताच जेवलो.