काड्या इकडच्या, कापड पलीकडचे

मी, छत्र्या करणारी, वय वर्षे पंचाहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वखुशीने लिहिते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. धाकट्या भावाने तो दोनदा वाचून पाहिला आहे.

१. राहते घर भावाला. जिना करकरतो, त्याला बोल लावू नये. तो माझ्यापेक्षा म्हातारा आहे.

२. कारखान्यात आम्ही फक्त काड्या आणि दांडे करतो. कापड सीमेपलीकडचा रंगारी पाठवतो. मागच्या लढाईत सीमेवरचा नाका बंद झाला, तेव्हा छताला टांगलेल्या उघड्याबोडक्या छत्र्यांखाली मी दुपारभर पडून राहायचे. वाऱ्याने त्या हळूहळू फिरत. डोळा लागला की दिसे, पलीकडे काळे कापड आभाळभर वाळत पडले आहे आणि दोन्हीकडची माणसे भिजत चालली आहेत. पुढे रंगारी म्हणाला, त्यालाही असेच काहीबाही दिसायचे.

३. भाऊ म्हणतो, "ताई, कापडही इथंच विणू. त्यांचे मिंधे कशाला राहायचं?" त्याचे अगदीच चूक नाही. त्या वर्षी चूल पेटायची मारामार होती. व्यापार असला म्हणजे लढाई टळते, असे मी म्हणत नाही. टळली नाहीच. पण "पुरे करा" म्हणून नाक्यावर ओरडायला दोन्हीकडचे दुकानदार तरी होते. ज्यांचे एकमेकांवाचून काहीच अडत नाही, ते कशाला ओरडतील?

४. म्हणून कारखाना निम्मा भावाला, निम्मा रंगाऱ्याच्या लेकीला. एकाच्या सहीवर काही विकू नये, माग बसवू नये. भांडावे, खुशाल भांडावे. रंगारी आणि मी काळ्या रंगावरून जन्मभर भांडलो. तो मला फार आवडतो. तोंडावर बोलले असते तर शेफारला असता.

५. भावाने मला न विचारता मागवलेला माग परत पाठवावा. गाडीभाडे त्याने स्वतः भरावे.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. तयार आहेत.

साक्षीदार दुसरा: रंगारी. नाका पुन्हा बंद झाला आहे. भाऊ म्हणतो, "इकडचं कुणीही चालेल की." मला चालत नाही. सह्या झाल्याशिवाय हा कागद कच्चा, आणि त्याआधी मी गेले तर सगळेच भावाचे, हे मला ठाऊक आहे.

स्थळ: नाक्यावरचे बाकडे. रोज सकाळी येऊन बसते.

सही: रंगाऱ्याच्या डोळ्यांदेखत करीन.

दिनांक: नाका उघडेल तो. तोवर मी मरत नाही.